चाचणीत काय निघालं

काकांनी मला ऑफिसातल्या पहिल्याच दिवशी झणझणीत तर्री-पोहे विचारले आणि मी नाही म्हटलं. ॲसिडिटी होती, दुसरं काही नाही. पण माझं 'नाही' जरा जोरात निघतं, हे घरीदारी सगळेच म्हणतात. काकांनी प्लेट तशीच हातात धरली, मला चष्म्यावरून निरखून पाहिलं आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "मिळाली बाप्पा एकदाची!"

मला वाटलं, अवं माय, कुठं येऊन पडले मी!

काय मिळाली ते चार दिवसांनी कळलं. आमची कंपनी सिमेंटचे पाइप बनवते. कारखाना शहराबाहेर आणि ऑफिस सीताबर्डीत, कपड्याच्या एका दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. पूर्वी अर्ज-विनंत्यांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायला माणसं होती. ती कमी झाली आणि त्यांच्या जागी एक सर्व्हर आला. कोणी रजेचा अर्ज टाकला की सर्व्हर तो आपोआप त्याच्या साहेबापुढे नेऊन ठेवायचा. साहेबानं मंजूर केला की पुढे, नाकारला की मागे, आणि तीन दिवस कोणी हातच लावला नाही तर वरच्या साहेबाकडे. खरेदी, गेटपास, सगळं याच वाटेनं जायचं. कोणता अर्ज कुठून कुठे जाणार, किती थांबणार, कोणाला कोणतं बटण दिसणार हे ठरवणं म्हणजे सेटिंग. आणि सेटिंग म्हणजे काका. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं, साहेबसुद्धा.

नवी सेटिंग माणसांवर तपासल्याशिवाय लागू करायची नाही, हा त्यांचा कायदा. "कम्प्युटर कम्प्युटरले काय तपासन?" ते म्हणायचे. "दोघंही एकाच माळेचे मणी." मग ते खोटे अर्ज बनवून आम्हाला पाठवायचे, वर ठळक अक्षरांत 'चाचणी' असं लिहून. त्यात प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. स्टोअरमधले भाऊ मंजूरवाले. रिसेप्शनवरची ताई विसरणारी, म्हणजे तिनं काहीच करायचं नाही, तीन दिवसांनी अर्ज वर जातो का ते बघायला. हे काम ती अगदी मनापासून करायची. नकारवाल्याची जागा मात्र कित्येक महिने रिकामी होती. लोक बिचकायचे. चुकून अर्ज खरा निघाला तर?

"तुहं 'नाही' चांगलं आहे वं," काका म्हणाले. "हो म्हणणारे गल्लोगल्ली भेटते. नाही म्हणणारं माणूस शोधा लागते."

अशी मी नकारवाली झाले.

सर्व्हरची खोली म्हणजे एसी लावलेली एक अडगळ. तिथं जाताना काका चपला बाहेर काढायचे, हातातलं घड्याळ काढून खिशात टाकायचे, आणि काम करताना कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. शुक्रवारी सेटिंगला हात लावायचा नाही, कारण शनिवार-रविवारी बिघडली तर बघणार कोण. सोमवारी नाही, कारण सोमवारी लोक आधीच चिडलेले असतात. मंगळवार बरा. साहेब कितीही नाचले तरी काका मंगळवारची वाट बघायचे.

आणि त्यांचं ते रजिस्टर. लाल कापडी पाठीचं, जाडजूड. बाकीच्यांची सगळी नोंद कम्प्युटरमध्ये आणि कम्प्युटरच्या माणसाची कागदावर, म्हणून आम्ही चिडवायचो. त्यात चार रकाने आखलेले असत. आधी काय होतं. आता काय केलं. काहून केलं. चाचणीत काय निघालं. तिसरा रकाना नेहमी लाल शाईत. साहेब एकदा म्हणाले, काका, 'कारण' लिहा, बाहेरचं कोणी पाहिलं तर हसेल. काका म्हणाले, "कारण कोणीही दाखवते साहेब. काहून म्हटलं की उत्तर द्या लागते." मी एकदा डोकावून पाहिलं होतं. रजेचा अर्ज आता तीनऐवजी दोनच दिवस थांबेल. काहून? तर कारखान्यातल्या पेंटरच्या बहिणीचं लग्न होतं, त्याचा अर्ज वाटेत पडून राहिला आणि तो मांडवात पोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. सर्व्हरच्या नोंदीत असलं काही मी आजवर दुसरीकडे वाचलेलं नाही.

दुपारी एकला, डबा उघडायच्या आधी, ते टेबलावरच्या फोनवरून एक नंबर लावायचे. कानाला लावून थोडा वेळ ऐकायचे आणि काही न बोलता ठेवून द्यायचे. रोज. रिसेप्शनवरच्या ताईनं शोध लावला की तो नंबर त्यांच्या स्वतःच्याच घरचा. मनीषनगरात ते एकटेच राहायचे. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली म्हणे, मूलबाळ नाही. हे स्टोअरच्या भाऊंनी सांगितलं, काका स्वतः कधी बोलले नाहीत. पण मला राहवतं थोडंच!

"काका, घरी कोणी नाही, तर फोन काहून लावता?"

"वाजते का पाहतो."

"आणि कोणी उचलला तर?"

"तर घाबरून जाईन न वं!"

सगळे खदाखदा हसलो. काकाही हसले.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, ऑफिसची किल्ली त्यांच्याकडे राहिली होती ती आणायला. हॉलमध्ये दोन खुर्च्या. एकीवर काका बसत असावेत, कारण तिची गादी दबलेली होती. दुसरीवर दुकानातून आली तेव्हाचं प्लास्टिक तसंच होतं. मी बसायला लागले तर म्हणाले, "थांब वं, थांब," आणि दोन्ही हातांनी ते प्लास्टिक काढलं, घडी केली. चहा छान केला होता. निघताना दारातून मागे वळून पाहिलं तर ते खुर्चीला प्लास्टिक परत चढवत होते. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आमचे काका भलतेच चिक्कू आहेत बरं का. तेव्हा मला तेवढंच कळलं.

मग ते ट्रकचं प्रकरण झालं. खरेदीचे साहेब गावाला गेले, तिथं रेंज नाही, अर्ज त्यांच्याकडे अडकून राहिले आणि कारखान्यात सळई संपली. तेव्हा काकांनी नवी सेटिंग आणली. प्रत्येकानं आपल्या नावापुढे एक पर्यायी व्यक्ती नेमायची. आपण रजेवर गेलो की आपलं काम तिच्याकडे जाईल. "रिकामी चौकट सर्व्हर घेणार नाही," असं ते टेबलाटेबलावर सांगत फिरले. आम्ही दोन मिनिटांत नावं टाकली. मी स्टोअरच्या भाऊंचं, त्यांनी माझं. काकांनी आपल्या चौकटीत आपलंच नाव टाकलं.

पुढच्याच महिन्यात पारशिवनीला त्यांचे मोठे भाऊ वारले. सख्खं असं तेवढंच एक माणूस उरलं होतं. काका आयुष्यात पहिल्यांदा रजेवर गेले. सर्व्हरनं त्यांचं काम पर्यायी व्यक्तीकडे नेलं, ती व्यक्ती काकाच. ते रजेवर, म्हणून परत पर्यायी व्यक्तीकडे, तेही काकाच. तेरवीच्या दिवशी ते गरगर फिरणं एवढं वाढलं की सर्व्हर ठप्प झाला. गेटपास निघेना. पाइप लादलेले ट्रक कारखान्याच्या फाटकात एकामागे एक उभे, ड्रायव्हर हॉर्न मारून राहिलेले, साहेबांचा जीव टांगणीला. फोन गेला. काका पंगतीतून उठून बस धरून आले, डोकं भादरलेलं, पांढरा सदरा. तशा चपला बाहेर काढल्या, घड्याळ खिशात टाकलं आणि आत गेले. अर्ध्या तासात सगळं सुरू केलं.

साहेब ओरडले, "काय काका! दुसऱ्या कोणाचं नाव टाकता येत नव्हतं?"

"येत होतं न साहेब," काका म्हणाले. "पण विचारा लागलं असतं."

आता लिहिताना हे वाक्य मला चटका लावतं. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. काका स्वतःच फिरून स्वतःकडे आले, अशी थट्टा पुढे वर्षभर चालली. साहेबांनी त्यांच्या चौकटीत माझं नाव टाकून दिलं आणि काकांनी मला हात जोडले. "नकार नको देऊ बाप्पा आता," म्हणाले.

माझा नकार तोपर्यंत चांगलाच मुरला होता. दिवसाला दहा-पंधरा चाचण्या यायच्या. प्रत्येक उघडायची, खालपर्यंत जायचं, नकाराचं बटण दाबायचं. एक दिवस माझं डोकं फिरलं.

"काका, मले दुसरे कामं आहेत का नाही? बाहेर यादीतच नकाराचं बटण द्या न. उघडायची कटकट नको."

"न वाचता नाही म्हणशील?"

"वाचासारखं काय असते त्यात? अ ब क ड तर लिहिता तुम्ही!"

आणि ते खरंच होतं. चाचणीच्या अर्जात ते अ ब क ड लिहायचे, कधी बाराखडी, फार झालं तर पावकी-निमकी. काकांना माझं म्हणणं पटलं नव्हतं. दोन मंगळवार त्यांनी टाळाटाळ केली. तिसऱ्या मंगळवारी माझ्या एकटीच्या अकाउंटला ते बटण आलं. सेटिंगचं नाव 'यादीतूनच नकार'. तेव्हापासून एका हातात चहाचा कप, दुसरा हात माऊसवर, आणि नकार, नकार, नकार. अर्ध्या मिनिटात टेबल साफ. मी त्यांना सांगितलं, काका, तुमच्या जन्मात तुम्ही केलेली ही सगळ्यात चांगली सेटिंग.

त्यानंतर वर्षभरानं काका महिनाभराच्या रजेवर गेले. गावाला चाललो, एवढंच म्हणाले. परत आले तेव्हा शर्ट अंगात झुलत होता आणि खोकला आला की दोन्ही हातांनी छाती धरायचे. हृदयाचं मोठं ऑपरेशन करून आले होते आणि आम्हाला पत्ता नाही! डब्याच्या वेळी सगळ्यांनी घेरलं तेव्हा त्यांनी गोष्ट सांगितली, तीही अशी रंगवून की काय सांगू.

"दवाखान्यातली बाई म्हणे घरच्या माणसाची सही पाहिजे. म्हटलं, मीच करतो न. थे म्हणे, काका, तुम्ही तर बेहोश राहाल! आता माह्या जागी माहंच नाव चालत नाही, हे मले ट्रकच्या वख्तापासूनच माहीत होतं."

सगळे हसले.

"मग खाली आलो. ज्या ऑटोनं गेलो होतो थो ऑटोवाला टपरीवर चहा पिऊन राहिला होता. म्हटलं, भाऊ, एक सही देतं का? बिचारा आला वर. सही केली. पुढं होतं, पेशंटशी नातं. त्यानं माह्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं लिहून टाकलं, सवारी!"

आम्ही हसून हसून लोटपोट. सगळ्यात जास्त मी हसले, मला ठसकाच लागला. पाण्याचा ग्लास काकांनीच पुढे केला. डोळे पुसत मी त्यांना चांगलं झापलं.

"आम्ही काय मेलो होतो का काका? एकदा सांगाचं तरी न!"

काका म्हणाले, "तुम्हाले कामं राहते वं," आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

त्यानंतर माझ्याकडे एकही चाचणी आली नाही. काही आठवड्यांनी लक्षात आलं तेव्हा मी विचारलं, काका, चाचण्या बंद? म्हणाले, झालं सगळं तपासून. मला वाटलं, थकले आता. सुटले बाई, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झालं, फोटो झाले. सगळे पांगल्यावर काकांनी ते लाल पाठीचं रजिस्टर माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "ठेव. कधी अडलं तर पाहशील." त्यांची खुर्ची मला मिळाली, त्यांचं कामही. पण अडलं मात्र कधी नाही. त्यांनी सगळं असं लावून ठेवलं होतं की हात लावायची वेळच यायची नाही. रजिस्टर खालच्या खणात गेलं.

त्यांच्या घरी एकदा जाऊन यायचं आहे, असं मी दोन वर्षं म्हणत होते. मनीषनगर काय लंडनला आहे? मग मागच्या हिवाळ्यात ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला. काका झोपेतच गेले. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मीही टाकलं आणि भाजी चिरायला घेतली. ग्रुपवर रात्रीपर्यंत हात जोडणं चालू होतं. घाटावर आमच्यातलं कोणीच गेलं नाही.

गेल्या महिन्यात आमचा जुना सर्व्हर बंद करायचं ठरलं. सगळं नव्या ठिकाणी न्यायचं होतं. पुण्याच्या कंपनीतली एक बाई स्क्रीनवरून मला एकेक सेटिंग विचारत जायची, ही न्यायची की सोडायची. त्याआधी जुन्या चाचण्या पुसून टाका, असं तिनं कळवलं होतं. सगळ्या निवडून एक बटण दाबलं की काम संपलं असतं. पण मला वाटलं, काकांचं अ ब क ड एकदा बघावं शेवटचं. आठवण आली होती. माझ्या नावावर आलेली त्यांची शेवटची चाचणी उघडली.

त्यात अ ब क ड नव्हतं.

"बुधवारी सकाळी माझ्यासोबत दवाखान्यात येणे. हृदयाचं ऑपरेशन आहे. घरच्या माणसाची सही लागते. फक्त सही, थांबण्याची गरज नाही. जमत नसल्यास नकार द्यावा. राग नाही."

खाली माझं नाव. नकार. पाठवल्यापासून एका मिनिटाच्या आत.

पहिल्यांदा आला तो राग. अहो काका, तोंड होतं ना तुम्हाला! तुमच्या टेबलापासून माझं टेबल चार पावलांवर. उठून यायचं, म्हणायचं, चल वं माह्यासंगं. त्यावरही 'चाचणी' लिहायची काय गरज होती? आणि मग मला उमगलं की गरज होती. मी नाही म्हटलं असतं तर चाचणीच होती, असं दोघांनाही म्हणता आलं असतं. माझी पंचाईत नको, म्हणून त्यांनी ती सोय ठेवली होती. त्या आठवड्यात माझ्या लेकीची परीक्षा होती, मला आठवतं. समोर येऊन विचारलं असतं तर मी गेले असते का? गेलेच असते. असं मी आता म्हणते. खरं सांगायचं तर मला माहीत नाही, आणि आता ते कळायची सोय नाही.

खालच्या खणातून रजिस्टर काढलं. शेवटचं लिहिलेलं पान काढलं. रकाने नेहमीसारखेच आखलेले, पट्टीनं.

आधी काय होतं: कोणी नाही.

आता काय केलं: विचारून पाहिलं.

काहून केलं, हे लाल शाईत: हिचं 'नाही' खरं असतं. हो आलं तर तेही खरंच असेल.

चाचणीत काय निघालं: नकार आला. एका मिनिटात. सेटिंग बरोबर चालते.

शाई कुठं फुटलेली नाही, हात कुठं अडखळलेला नाही. वळणदार अक्षर. ऑफिसात पंखे चालू होते, रिसेप्शनवरची ताई फोनवर कोणाशी तरी हसत होती. मी ते रजिस्टर मांडीवर धरून रडले, वयाला शोभणार नाही असं रडले, आणि कोणी विचारू नये म्हणून तोंड भिंतीकडे केलं.

दुपारी पुण्याची बाई स्क्रीनवर आली. आम्ही यादी पुढे नेत गेलो. ही ठेवा, ही सोडा. मग ती थांबली.

"मॅडम, इथे एक 'यादीतूनच नकार' म्हणून आहे. फक्त तुमच्या अकाउंटला दिलेली दिसतेय. ही नव्या सर्व्हरवर न्यायची का?"

मी ते नाव स्क्रीनवर पुन्हा वाचलं. मग नाही म्हटलं.

"मॅडम?" ती म्हणाली. "ऐकू नाही आलं. परत सांगता का?"